भांडणकाढ्यांचा नकाशा

मध्य जर्मनीतल्या केट्टेनरोडच्या आल्विन हेबेश्ट्राइटने अडतीस वर्षं पाच गावांत टपाल वाटलं, आणि एवढ्या वर्षांत तो कुणाशी आवाज चढवून बोलल्याचं कुणाला आठवत नाही. शिंपिणीचं आखूड पायांचं कुत्रं त्याला चार वेळा चावलं. चौथ्या वेळी माफी आल्विननेच मागितली, कारण पँटच्या जाड कापडात दात अडकून कुत्रं बिचारं घाबरलं होतं. ही गोष्ट गावाला कळली ती त्याच्याच तोंडून. आपली फजिती तिखटमीठ लावून सांगण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या आइक्सफेल्ड परगण्यात कुणी नव्हता.

फजितीचं मूळ आडनावातच होतं. 'हेबे' म्हणजे उचल, सुरू कर. 'श्ट्राइट' म्हणजे भांडण. मराठीत सरळ भांडणकाढे. शाळेत मास्तर हजेरी घेताना विचारायचे, "हेबेश्ट्राइट, आज कुणाची पाळी?" आणि किडकिडीत आल्विन कानांपर्यंत लाल होऊन उभा राहायचा. पुढे सैन्यात सक्तीची दीड वर्षं काढायला गेला, तर सार्जंटने यादीतलं नाव वाचून मोठ्या आशेने मान वर केली, त्याला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं आणि बटाटे सोलायला पाठवून दिलं. "देशाच्या संरक्षणात माझा वाटा साधारण चार टन," आल्विन सांगायचा. "सालांसकट."

तो निवृत्त झाला त्या वसंतात, तिसऱ्याच आठवड्यात, बायकोने त्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. त्याने तिच्या मसाल्याच्या बाटल्या अक्षरक्रमाने लावून ठेवल्या होत्या. मिरपुडीच्या जागी दालचिनी आली आणि रविवारच्या रश्शात पडली.

"आल्विन," गेर्लिंड शांतपणे म्हणाली, "आता तुला एखादा छंद तरी लागेल, नाहीतर मला वकील तरी."

"कसला छंद?"

"ज्यात तू वरच्या खोलीत असतोस आणि मी खाली."

माणसाने जन्मभर दुसऱ्यांची नावं वाचली असली, की उरलेल्या वेळात त्याला स्वतःचं वाचावंसं वाटत असावं. आल्विनने सगळ्या देशाच्या टेलिफोन डिरेक्टरीची सीडी आणली, भिंतीवर मोठा नकाशा ठोकला आणि जिथे हेबेश्ट्राइट सापडेल तिथे लाल टाचणी टोचायला सुरुवात केली. महिन्याभरात आइक्सफेल्डाला गोवर आल्यासारखं दिसू लागलं. तिथून एक विरळ ओळ माग्डेबुर्गकडे गेली होती, दुसरी दाट ओळ पश्चिमेला रूरच्या कोळशाच्या पट्ट्यात. त्यात गूढ काही नव्हतं. आइक्सफेल्डाची जमीन कधी कुणाचं पोट भरत नव्हती. वसंत आला की गडी-बाया बीटच्या शेतांत राबायला उत्तरेला जायच्या, गवंडी आणि खाणमजूर पश्चिमेला. त्यातले काही तिकडेच राहून गेले आणि त्यांच्या टाचण्या झाल्या. खाली बव्हेरियात दोनच होत्या. उत्तर समुद्रातल्या एका बेटावर एकच होती, आणि हा तिथे कुणाशी भांडत असेल या काळजीने आल्विनचा एक अख्खा दिवस गेला.

गोवराच्या मधोमध जुनी सीमा गेली होती. देश दोन होते तेव्हा सायकलवर तासाभरात पोचता येईल अशा गावांतल्या हेबेश्ट्राइटांची नावंही आल्विनला ठाऊक नव्हती. आता कुंपण जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, पण तो अजून कुणाला भेटला नव्हता. जाऊन काय बोलायचं, हा प्रश्न होता.

गेर्लिंड माहेरची काउफहोल्ड. ती कधीतरी कॉफी घेऊन वर यायची आणि नकाशासमोर उभी राहायची.

"आमचं बरं आहे," ती म्हणायची. "काउफहोल्ड कुठे कुठे आहेत बघायचं तर स्मशानात एक चक्कर मारली की झालं. दर तिसरा दगड आमचा."

"तुमच्यासाठी टाचण्या नाही पुरायच्या. खिळ्यांचा कारखाना लागेल." आल्विन चष्मा पुसत म्हणायचा. "आमचं नाव दुर्मिळ."

गर्व म्हणावा असा त्याच्याकडे तेवढा एकच होता, आणि तोही त्याने साठी उलटल्यावर बाळगायला घेतला होता.

नावाच्या उगमाबद्दल त्याचं मत ठरलेलं होतं. कुणीतरी सरदार असणार. रणांगणावर पहिला झेंडा उचलणारा, लढाईला तोंड फोडणारा. त्याने घराण्याचं चिन्हसुद्धा काढून पाहिलं: तलवार धरलेला हात. हात सॉसेजसारखा आला, म्हणून त्याने त्याला चिलखत घातलं, तर तो स्टोव्हच्या धुराड्यासारखा दिसू लागला. तो कागद घेऊन तो जिल्ह्याच्या दप्तरखान्यात फ्राऊ ट्यूमलरकडे गेला. या बाईने आयुष्यभर जुनी कागदपत्रं वाचली होती आणि त्यामुळे तिला माणसांबद्दल फारसे गैरसमज उरले नव्हते.

"सरदार?" तिने चित्र उलटसुलट करून पाहिलं. "हेबेश्ट्राइटसाहेब, सरदारांची नावं गढ्यांवरून, गावांवरून पडायची. तुमचं नाव म्हणजे आज्ञा आहे. काढ भांडण. अशी नावं दारूच्या गुत्त्यात पडतात. पाच-सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी असा असणार, की तो आत आला की लोक आपापले पेले उचलून कोपऱ्यात जात. त्याला लोकांनी ते नाव चिकटवलं आणि पोरांना ते वारशात मिळालं."

"पण समजा न्यायसभेत दुसऱ्याची बाजू मांडणारा वगैरे..."

"न्यायसभेत होता की." तिने एक फाइल काढली. "हे बघा. चौदाशे अठ्ठ्याहत्तरची दंडाची यादी. हान्स हेबेश्ट्राइट. बदकावरून शेजाऱ्याची दाढी उपटली. दंड म्हणून चर्चला दोन रत्तल मेण."

आल्विनने ती करडी अक्षरं स्वतः एकदा वाचली. मग विचारलं, "बदक कुणाचं होतं?"

"तेवढं लिहिलेलं नाही."

घरी येऊन त्याने टोपी खुंटीला लावली. "सरदार गेले," तो म्हणाला. "बदक आलं."

गेर्लिंडने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुमच्यात कुणाची तरी दाढी उपटायची हिंमत होती तर."

"होती. सगळी त्यानेच वापरून टाकली."

पण गोष्ट तिथे संपली नाही, कारण उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याने एक धाडस केलं होतं. टाचणी असलेल्या प्रत्येकाला पत्र लिहिलं होतं. दोनशे चौदा पत्रं, सगळी हाताने, कारण छापील पत्रं लोक न उघडता टाकतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी केट्टेनरोडच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सगळ्या हेबेश्ट्राइटांनी जमावं, असं आवाहन होतं. पोस्ट खात्यात जन्म गेला होता तरी एवढी उत्तरं येतील अशी त्याची अपेक्षा नव्हती. एकाने लिहिलं की त्याला विमा नको आहे. गेल्सेनकिर्शेनच्या एका बाईने आठ पानं स्वतःच्या घटस्फोटाबद्दल लिहिली, आडनावाबद्दल अक्षर नाही, कारण ते तिला नवऱ्याकडून मिळालं होतं आणि परत करायचं राहिलं होतं. बेटावरचा हेबेश्ट्राइट पक्षी मोजायच्या कामावर होता. आणि सीमेपलीकडून, डूडरश्टाटजवळच्या एका गावातून, कुनिबर्ट नावाच्या निवृत्त कौलं शाकारणाऱ्याचं कार्ड आलं. ठळक अक्षरांत चार वाक्यं: "मूळ घराणं आमचं आहे. तुम्ही फांदी आहात. येतो. सोबत फेल्डगीकर आणतो." फेल्डगीकर म्हणजे महिनोन्‌महिने टांगून वाळवलेलं आइक्सफेल्डचं सॉसेज. ते आणणाऱ्याला नाही म्हणता येत नाही.

आल्विनने लगेच उलट टपाली कळवलं की फांदी असण्यात त्याला आनंदच आहे.

भाषण करणं आलं. भाषणात आजोबांबद्दल चार शब्द असावेत म्हणून ऑगस्टमध्ये तो चर्चच्या कचेरीत गेला. आजोबा अलोइस गवंडी होते, दर वसंतात पाठीला अवजारं बांधून रूरकडे चालत जाणारे, कमी बोलणारे. कचेरी सांभाळणाऱ्या रोसविटा ड्योलेने जन्माची वही काढली आणि अठराशे चौऱ्याण्णवच्या पानांवरून बोट फिरवलं. एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं.

"आल्विन, इथे अलोइस हेबेश्ट्राइट नाही."

"असणार. हीच तारीख."

"तारखेला अलोइस आहे. पण तो..." तिने वही त्याच्याकडे वळवली. "तूच वाच."

अलोइस. आई, गिरणीवरची मोलकरीण वालबुर्गा काउफहोल्ड, अविवाहित. वडिलांच्या रकान्यात एक आडवी रेघ. समासात वेगळ्या शाईत, आठ वर्षांनंतरच्या तारखेची नोंद: आईचा पती, विणकर इग्नाट्स हेबेश्ट्राइट, याने मुलाला आपलं नाव दिलं.

आल्विनने चष्मा काढला, पुसला, परत लावला. रेघ होती तिथेच होती.

रोसविटाला वाईट वाटलं असावं. तिने न मागता कपाटातून तेव्हाच्या पाद्रीबाबांची रोजनिशी काढली आणि समासातल्या नोंदीचा महिना शोधला. पाद्रीबाबांनी हवामान, आजारी गाय आणि घंटेची दोरी यांच्यामध्ये लिहून ठेवलं होतं: "विणकर इग्नाट्स आज तिसऱ्यांदा आला. मी त्याला पुन्हा समजावलं की मूल त्याचं नाही आणि गाव हसेल. तो म्हणाला, हसणाऱ्यांची नावं मला द्या. त्याच्याशी वाद घालणं अशक्य आहे. नोंद केली."

आल्विन घरी आला तेव्हा गेर्लिंड अंगणात प्लमच्या बिया काढत बसली होती, केकसाठी. तो समोरच्या बाकावर बसला.

"गेर्लिंड, मी हेबेश्ट्राइट नाही."

"मग कोण आहेस?"

"काउफहोल्ड."

तिने हातातला प्लम खाली ठेवला. मग हसायला लागली. सुरी बाजूला ठेवून, ॲप्रन तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली.

"कुठले काउफहोल्ड?"

"गिरणीवरचे."

"आम्ही चर्चमागचे." तिने बोटांवर पिढ्या मोजल्या, एकदा पुढे आणि एकदा मागे. "नाही. काही नातं नाही. देवाची कृपा. छत्तीस वर्षांनी असं काही निघालं असतं तर मी तुझं काय केलं असतं?"

"दोनशे चौदा लोकांना बोलावलंय मी. नाव आमचं, नाव दुर्मिळ, या आणि भेटा. आणि बोलावणारा कोण, तर ज्यांच्यासाठी खिळ्यांचा कारखाना लागतो त्यातला एक." त्याने एक प्लम उचलला आणि बी गिळली. "अडतीस वर्षांत मी एकही पत्र चुकीच्या घरी टाकलं नाही. मलाच टाकलं गेलं होतं."

त्या संध्याकाळी त्याने कुनिबर्टला पत्र लिहायला घेतलं: आपण मूळ घराण्याचे आहात, तेव्हा अध्यक्षपद आपण घ्यावं, मला त्या दिवशी दाताचा त्रास होणार आहे. गेर्लिंडने मसुदा वाचला आणि त्यात प्लमच्या बिया गुंडाळून कचऱ्यात टाकल्या.

"जायचं," ती म्हणाली. "आणि सांगायचं."

"आणि त्यांनी हाकललं तर?"

"तर केक घरी घेऊन येऊ. सहा ताटं आहेत."

अडुसष्ट माणसं आली. हॉलच्या दारात आल्विनने छातीवर लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, आणि सगळ्यांवर हेबेश्ट्राइटच असल्याने त्यांचा कुणाला काही उपयोग नव्हता. कुनिबर्ट आला तो दारातून अंग तिरकं करूनच आत शिरू शकेल असा माणूस. पांढऱ्या मिशा, हाताचे पंजे कौलांएवढे, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सॉसेज. त्याने आल्याआल्या टेबलं फिरवून घेतली: रक्ताचे हेबेश्ट्राइट मधल्या लांब टेबलांवर, सुना-जावई स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर. आल्विनला ही मांडणी पटली नव्हती. तरी टेबलाचं दुसरं टोक त्यानेच धरलं.

कॉफी झाल्यावर तो बोलायला उभा राहिला. बदकाची गोष्ट सांगितली, लोक हसले. सरदाराचं चित्र दाखवलं, जास्त हसले. गेल्सेनकिर्शेनच्या बाईने तर टेबलावर थाप मारली. आता बसावं, इथेच थांबावं, असं त्याला फार वाटलं. सगळं इतकं छान चाललं होतं. पण स्वयंपाकघराच्या दारात गेर्लिंड हाताची घडी घालून उभी होती.

"आता एक अडचण आहे," आल्विन म्हणाला. "या हॉलमध्ये एक माणूस हेबेश्ट्राइट नाही. त्यानेच तुम्हाला बोलावलंय."

मग त्याने जन्माची नोंद सांगितली, आडवी रेघ सांगितली आणि पाद्रीबाबांची रोजनिशी खिशातल्या कागदावरून वाचून दाखवली. "हसणाऱ्यांची नावं मला द्या," हे वाक्य त्याने दोनदा वाचलं.

मग कुनिबर्ट उठला.

"इग्नाट्स विणकर? डावा पाय ओढत चालणारा?"

"पायाचं मला माहीत नाही."

"मला माहीत आहे. माझ्या आजोबांचा चुलता तो. आमच्या गावातून निघून तुमच्याकडे आला होता. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बापाशी भांडून गेला." त्याने सगळीकडे नजर फिरवली. "इग्नाट्स आमचा आहे."

"तुमचा कसा?" खिडकीजवळून माग्डेबुर्गचा एक म्हातारा म्हणाला. "इग्नाट्स केट्टेनरोडचाच. माझी आजी त्याची बहीण. तिने त्याच्याकडून विणून घेतलेली चादर अजून आमच्याकडे आहे."

"चादर कुणीही विणतो."

"पाय कुणीही ओढतो."

पाच मिनिटांत मधल्या टेबलांवरची सगळी माणसं उभी होती. सीमेच्या अलीकडची एका बाजूला, पलीकडची दुसऱ्या बाजूला. रूरवाले आधी कुठल्याच बाजूला नव्हते, ते दोन्ही बाजूंना चुकीचं ठरवू लागले. पक्षी मोजणारा हेबेश्ट्राइट टेबलावर चढून काहीतरी सांगू पाहत होता, पण त्याचा आवाज बेटावर राहून बारीक झाला होता. आल्विनने दोनदा हात वर केला. "मित्रहो," तो म्हणाला. कुणीतरी त्याला सांगितलं, "तू थांब रे, तुझंच चाललंय."

तेव्हा तो आपली बशी उचलून सुना-जावयांच्या टेबलावर जाऊन बसला. तिथे शांतता होती, आंबट सायीचा केक अजून अर्धा शिल्लक होता, आणि ही माणसं अनुभवी दिसत होती. कुनिबर्टच्या बायकोने, ॲडेलहाइडने, त्याला मोठा तुकडा वाढला.

"घरी पण असंच असतं का?" आल्विनने विचारलं.

"ख्रिसमसला यापेक्षा वाईट," ती म्हणाली. "तुम्ही खा. सहाला भूक लागली की थांबतात."

तो खात राहिला. मध्येच त्याच्या लक्षात आलं की त्याने अजून आपली चिठ्ठी काढलेली नाही, आणि तिच्याकडे कुणाचं लक्षही नाही. समोर जे पेटलं होतं त्यात त्याला कुणी हाकलत नव्हतं. ते फक्त त्याला घराण्यात कुणी आणलं यावरून एकमेकांच्या अंगावर जात होते. असं यापूर्वी त्याच्याबाबतीत कधी झालं नव्हतं. त्याचा घास थोडा वेळ तोंडातच राहिला. ॲडेलहाइडला वाटलं केक कोरडा झालाय, आणि तिने कॉफी ओतली.

भांडण खरंच सहाला थांबलं. कुनिबर्टने सॉसेज कापलं, जाड जाड, आणि पहिला तुकडा आल्विनला दिला. क्षमा मागायची त्याच्याकडे पद्धत नसावी.

पुढे तो महिन्यातून एकदा यायला लागला. दोघे मिळून वंशवृक्ष छापायचा म्हणून बसत. कुनिबर्ट काहीतरी ठासून म्हणायचा, आल्विन लगेच कबूल करायचा, आणि कुनिबर्ट वैतागायचा. "अरे, असं नको करू. जरा तरी अड. एकट्याने किती ओढायचं मी?" आल्विन प्रामाणिकपणे प्रयत्न करायचा. एकदा तो एका सनावरून सलग दोन वाक्यं अडला. मग त्याला घाम आला आणि त्याने खिडकी उघडली.

छपाईच्या आदल्या आठवड्यात फोन आला. इग्नाट्सपासून अलोइसपर्यंतची रेघ सलग काढायची की तुटक, असं कुनिबर्ट विचारत होता. रक्ताचं नातं नसलं की नियमाने तुटक, पण त्याला स्वतःला काही ठरवता येत नव्हतं.

"तुटक काढ," आल्विन म्हणाला. "मला चालेल. अगदी नाही काढली तरी..."

गेर्लिंडने त्याच्या हातातून फोन घेतला. "कुनिबर्ट, मी बोलतेय. ज्या माणसाने पाद्रीबाबांच्या दारात तीन हेलपाटे घातले, त्याची रेघ तुटक? सलग काढायची. आणि जाड. नाहीतर पुढच्या वेळी माझ्याकडे जेवायला येऊ नकोस." तिने फोन ठेवला आणि कणीक मळायला गेली.

वंशवृक्ष नाताळच्या आधी छापून आला. रेघ सलग होती, जाड होती, कुनिबर्टने पट्टी न लावता काढल्यामुळे थोडी वाकडीही होती. तिच्या टोकाला आल्विनचं जन्मसाल वीस वर्षांनी पुढे गेलं होतं, त्यामुळे तो शाळेत जायच्या वयाच्या आधीच पोस्टात लागला असं दिसत होतं, कारण नोकरीचं साल मात्र बरोबर होतं. गेर्लिंड म्हणाली, कळव त्यांना. आल्विन म्हणाला, कळवतो. त्याने कागदाला काच लावून तो जिन्यात टांगला, आणि कुणी पाहुणा त्यासमोर उभा राहून बोटांवर हिशेब करू लागला, की तो मागून सांगतो, "हो, लहानपणी मी फार हुशार होतो."